रुमालावरचा डाग

१

जुनी पाईप बाहेरून बघून घेणारा माणूस फसतोच. बाहेरून रंग मारला की कुठलीही पाईप नवरीसारखी दिसते. तिची खरी तब्येत आतून कळते, आणि आतून बघायला दोन माणसं लागतात. एक जण एका तोंडाला डोळा लावतो. दुसरा दुसऱ्या तोंडापुढे वीतभर अंतरावर पांढरा रुमाल ताणून धरतो. रुमालावर पडलेला उजेड नळीत शिरतो आणि आतला गंज, भेगा, पोचे, सगळं उघडं पडतं.

ही विद्या मी कॉलेजात शिकलो नाही. मॅट्रिकला गचकलो, दाभोळहून मुंबईला आणि मुंबईहून दुबईला आलो, आणि तिथल्या एका इराणी भंगारवाल्याने मला रुमाल धरायला उभं केलं. वर्षभर मी नुसता रुमाल धरला. हलला की तो नळीच्या आतून ओरडायचा, आणि तो ओरडा नळीतून माझ्या छातीवर यायचा. असा मी शिकलो.

पुढे अजमानच्या सनैयात, म्हणजे तिथल्या औद्योगिक वस्तीत, माझं स्वतःचं दुकान झालं. मागे यार्डात मोडीत निघालेल्या बोटींच्या पाईपा आणि वॉल्व्ह. पुढे काचेच्या खोलीत पितळी कंदील, घड्याळं, होकायंत्रं, असला शौकिनांचा माल. एका गोऱ्या बाईने बोटीच्या संडासाची पितळी कडी फार कौतुकाने नेली आणि दिवाणखान्याच्या दाराला लावली. कुठली म्हणून तिने विचारलं नाही. मीही गिऱ्हाइकाचा आनंद मोडणारा माणूस नाही.

माझा मेहुणा अक्रम माझ्याकडेच कामाला होता. त्याचा डावा डोळा काचेचा. लहानपणी दाभोळच्या मैदानात विटी लागली होती. पण स्वभाव असा की स्वतःच म्हणायचा, "दुल्हाभाई, पाईपला डोळा लावायला मीच बरा. दुसरा मिटायची मेहनत नाही." त्यामुळे आमच्याकडे डोळा अक्रमचा आणि रुमाल माझा, अशी वाटणी पडून गेली होती. माझ्या सासूबाई मरियमबी यांनी त्याला विमानात बसवताना मला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "एक गेला, लियाकतमियाँ. दुसरा तुमच्या हवाली." 

ते वाक्य मी विसरलो नव्हतो. ग्राइंडरजवळ मी त्याला कधी उभा राहू दिला नाही.

तर शहाण्णव सालच्या ऑगस्टमधली ही गोष्ट. नवीन मालातली एक छोटी नळी आम्ही ऑफिसात बघत होतो. मी रुमाल धरला. अक्रमने डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला,

"आतून मस्त आहे. पण दुल्हाभाई, रुमालावर डाग आहे."

मी रुमाल उलटासुलटा केला. बिलकीसने, म्हणजे माझ्या बायकोने, सकाळीच इस्त्री करून दिलेला. त्यावर काही नव्हतं.

२

नळी कुठली ते सांगतो.

रशिया फुटल्यावर शारजात रशियन व्यापाऱ्यांची झुंबड उडाली होती. येताना काहीबाही विकायला आणायचे, जाताना टीव्ही आणि चामडी जॅकेटं पोत्यांत भरून न्यायचे. दुकानांवर रशियन पाट्या लागल्या होत्या आणि आमचे मलबारी सेल्समन फाडफाड रशियन बोलत होते. त्यांतला गेनादी नावाचा एक धिप्पाड, सोन्याच्या दाताचा माणूस माझ्याकडे यायचा. त्याच्या गावाकडच्या शेतांत अजून दुसऱ्या महायुद्धातली लढाई पुरलेली होती. नांगर लागला की वर यायची. पाण्याच्या बाटल्या, चमचे, भोक पडलेली हेल्मेटं. त्या वेळच्या खोक्यात ही नळी होती. हाताएवढी लांब, मनगटाएवढी जाड, दोन्ही तोंडं उघडी. वर बोटाएवढी पत्र्याची पट्टी बिजागरीवर आडवी निजलेली. एका टोकाला लाल रंगात दोन परके शब्द आणि एक बाण.

"हे काय?" मी विचारलं.

गेनादीने ती खांद्यावर घेतली, पत्र्याची पट्टी उभी केली आणि तिच्यातल्या भोकातून माझ्या फ्रिजवर नेम धरला. "जर्मन सोल्जर. टँक. बूम." मग नळी टेबलावर टाकून हात झटकले. "वन टाईम. फिनिश. नाऊ पाईप."

"दारू नाही ना आत? बाबा रे, मला पोलिसांचं लफडं नको."

त्याने हसून नळी उजेडाकडे धरली. आरपार मोकळी. पुढे लावायचा बोंडासारखा गोळा असतो, तो गेला की उरते ती नळी, फेकून द्यायची, असं त्याने हातवाऱ्यांनी समजावलं. मग दारापाशी गेल्यावर काय आठवलं कोण जाणे, परत वळला. म्हणाला, लांबून मारून उपयोग नसतो. टँक अगदी जवळ येऊ द्यावा लागतो. तेवढा वेळ माणूस खड्ड्यात बसतो आणि बघत राहतो. "वेट, वेट, वेट," असं म्हणत तो पंजा हळूहळू स्वतःच्या डोळ्यांजवळ आणत गेला.

मला वस्तू आवडली. एकदाच चालणारी आणि चालून झालेली वस्तू. तिच्यात भिण्यासारखं काय असणार? ऑफिसच्या भिंतीवर दोन आकडे ठोकून मी ती आडवी ठेवली. लाल अक्षरांचं टोक अक्रमच्या खुर्चीकडे आलं, दुसरं शटरकडे. ते मुद्दाम केलं नव्हतं. आकडे तिथेच होते.

३

दुसऱ्या दिवशी मी कोरा रुमाल पाकिटातून काढला.

"आहे," अक्रम म्हणाला. "कालच्यापेक्षा जरा मोठा. काल मोहरी होती, आज मिरी."

"नळीच्या आत काही चिकटलं असेल."

"आतलं असतं तर डोळा हलवल्यावर हललं असतं. हे रुमालावर आहे."

मग मी डोळा लावला आणि त्याला रुमाल धरायला सांगितलं. मला डाग दिसला नाही. दिसला तो नुसता पांढरा उजेड. पण त्या उजेडाचं काहीतरी चुकत होतं. ऑगस्टमधलं अजमानचं ऊन पिवळं असतं, त्यात धूळ असते. हा उजेड निळसर होता. आणि नळीतून बारीक गार वारा माझ्या बुबुळाला लागत होता. मी एसीकडे बघितलं. एसी माझ्या पाठीमागे होता.

धंद्यातला माणूस आधी हिशेबी कारण शोधतो. मी अक्रमला शारजातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने सगळी यंत्रं लावून सांगितलं, डोळा ठणठणीत आहे. अक्रमने त्याला विचारलं, "म्हणजे मला दिसतं ते असतं?" डॉक्टर म्हणाला, "बिलकुल." गाडीत बसल्यावर अक्रम खूश होता. मी नव्हतो.

रोज सकाळी दुकान उघडलं की नळीवरची ती पत्र्याची पट्टी उभी असायची. मी बोटाने आडवी करायचो. बिजागरीत जोर नव्हता आणि दिवसभर ती निजलेली राहायची. रात्री एसी बंद असतो, पत्रा तापतो, फुगतो, उभा राहतो, असं मी स्वतःला समजावलं. पुढे एका सकाळी ती उभी होती आणि हाताला बर्फासारखी लागली, तेव्हापासून मी समजावणं सोडलं. नुसती आडवी करायचो.

४

आमच्याकडे दुपारी एक ते चार धंदा बंद. सगळा सनैया झोपतो. मी घरी जेवायला जायचो. अक्रम डबा खाऊन ऑफिसातच आडवा व्हायचा.

असंच एकदा चारला परत आलो. चहा पिताना तो सहज म्हणाला, "डाग नाही तो, दुल्हाभाई. गाडी आहे."

"कसली गाडी?"

"लांब आहे अजून. पण चालतेय. मघाशी तुम्ही रुमाल धरलात ना, तेव्हा अगदी साफ दिसली. आवाजपण येतो. आपल्या बुलडोझरसारखा, जमिनीतून."

मी कप खाली ठेवला. "मघाशी मी घरी होतो, अक्रम."

"हो का?" तो हसला. "मग कोण होतं? जेवून परत आलात, रुमाल काढलात, उभे राहिलात. बोलला नाहीत काही. मला वाटलं, आपाशी भांडून आलात."

"मी घरी होतो. तुझ्या आपाला विचार."

त्याने फोन उचलला आणि विचारलंसुद्धा. बिलकीसने त्याला दोन शिव्या दिल्या आणि माझ्या ताटात काय काय होतं ते सांगितलं. फोन ठेवल्यावर अक्रम म्हणाला,

"तरीच. रुमाल इतका स्थिर तुम्हाला धरता येत नाही."

त्या दिवसापासून मी त्याला नळीला डोळा लावायची बंदी केली. तो हो म्हणाला. ते हो कसलं आहे हे मला कळत होतं. आमच्या दुकानात उद्या पैसे देतो, इन्शाल्ला, म्हणणारे पुष्कळ यायचे.

नळी विकून टाकायचं मी ठरवलं. गेनादीला निरोप ठेवला, पण तो गावी गेला होता. मी ती आकड्यांवरून काढून यार्डात पाईपांच्या ढिगावर टाकली. संध्याकाळी ती परत आकड्यांवर होती. अक्रमने आणली होती, त्यात गूढ काही नाही. त्याने स्वतः कबूल केलं.

"वाईट वाटलं," तो म्हणाला. "तो माणूस तिथे बसलाय."

"कोण?"

"नळी ज्याची आहे तो. दिसत नाही. पण माझ्या कानाजवळ श्वास घेतो. फार घाबरलाय, दुल्हाभाई. पोरगेलासा वाटतो. गाडी जवळ येईपर्यंत त्याला थांबायचंय, आणि मारायचंय एकदाच. मी बघत असलो की त्याला बरं वाटतं."

माझ्या मेहुण्याला कोणाची दया आली की तो मागेपुढे बघत नसे. 

५

त्याच आठवड्यात हेमाताई दुकानात आल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायच्या. पुण्यात जर्मन शिकलेल्या आणि दुबईत एका जर्मन कंपनीत नोकरी. नवीन फ्लॅटसाठी त्यांना पितळी कंदील हवा होता. कंदील बांधून होईपर्यंत त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"परकारभाई, हे काय जर्मन लिहिलंय?"

"कारखान्याचं नाव असेल. तुम्हीच वाचा."

त्या वाकल्या. अक्षरं पुसट होती. त्यांनी बोट फिरवून वाचली. "नाव नाही हो. वॉर्निंग आहे. सावधान, आगीचा झोत."

"असणारच," मी म्हणालो. "पुढून आगच निघत असेल."

"पण बाण मागे दाखवतोय." त्यांनी अक्रमच्या खुर्चीकडे बोट केलं. "आमचे बॉस या विषयातले वेडे आहेत, सारखं सांगत असतात. या नळीला मागे बूड नसतं. गोळा पुढे जातो तेव्हा तेवढीच आग मागून निघते. मागे कोणी उभा असला तर संपला. म्हणून चालवणाऱ्याला आधी मागे वळून बघायला शिकवायचे."

"आणि तो घाबरलेला असला तर?" अक्रमने विचारलं.

हेमाताई हसल्या. "मग कसला वळून बघतोय?"

त्यांनी कंदील नेला. माझं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. मी त्या नळीच्या लाल टोकाकडे बघत होतो. त्याच्या कडेवर एक तेलकट गोल उमटला होता. रोज एकाच जागी भुवई टेकली की पडतो तसा.

"अक्रम," मी म्हणालो, "ऐकलंस ना?"

"ऐकलं. पण ती चालून गेलेली आहे, दुल्हाभाई. तुम्हीच सांगितलंत, गेनादी म्हणाला ते. वन टाईम, फिनिश."

"तुला तिच्यातून काय दिसतं? झालेलं की व्हायचं?"

त्याने बाहीने उजवी भुवई पुसली.

मी नळी गाडीच्या डिकीत घालून कुलूप लावलं. ओतकामाच्या भट्टीवाल्याशी बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आणा म्हणाला. गाडीच्या किल्ल्या दोन होत्या. एक माझ्या खिशात. दुसरी दुकानाच्या गल्ल्यात, जिथे ती कायम असायची, आणि तिथून ती काढून घ्यायचं मला सुचलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी मी जेवायला घरी आलो तर बिलकीस म्हणाली, "अहो, अक्रमचा डबा इथेच राहिलाय. त्याने फोन पण उचलला नाही."

मी डबा घेऊन खाली आलो. गाडीजवळ आल्यावर डिकी बघितली. रिकामी होती.

सनैयात त्या वेळी चिटपाखरू नसतं. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. खालून पांढऱ्या उजेडाचा पट्टा आत पसरला होता. एसी बंद होता. तरीही शटरखाली वाकलो तेव्हा थंडी लागली, दातांत शिरणारी. आणि पायांखाली जमीन थरथरत होती. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. मी वळून बघितलं.

अक्रम खुर्चीवर नव्हता. भिंतीला खेटून वाकला होता आणि नळीच्या लाल टोकाला डोळा लावला होता. तोंडाने अगदी हळू, एखाद्या तापलेल्या पोराशी बोलावं तसं म्हणत होता, "अभी नहीं. अभी नहीं. आने दे."

नळीच्या दुसऱ्या तोंडापुढे वीतभर अंतरावर रुमाल ताणलेला होता.

माझाच रुमाल. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत, चिमटीत धरल्यावर पडतात तशा चुण्या पडल्या होत्या. चिमटीच्या जागी काही नव्हतं. मी आत शिरून बाजूला सरकलो होतो, तरी शटरखालून येणाऱ्या उजेडाने कापडावर सावली पाडली होती. माझ्या अंगलटीची. मान जराशी डावीकडे कललेली, जशी इराण्याचा ओरडा चुकवायला मला कलवायची सवय लागली होती. रुमालाखाली पाय असायला हवे होते तिथे मला दुकानाची फरशी दिसत होती, आणि तिच्यावर कोणीच उभं नव्हतं.

मी पुढे झालो की ती सावली वळून माझ्याकडे बघेल, असं वाटलं. त्या विचाराने मी किती वेळ थांबलो ते सांगता येत नाही. मग नळीवरची पत्र्याची पट्टी ताठ उभी दिसली, आणि अक्रमचा आवाज बदलला.

"हां," तो म्हणाला. "अब."

मी धावलो. एका हाताने त्याची कॉलर ओढली, दुसऱ्याने नळी खेचली. पुढचं टोक बर्फ होतं आणि लाल टोक तव्यासारखं तापलेलं. आम्ही दोघं खुर्चीसकट पडलो. पडताना नळीच्या आत कुठेतरी खट् झालं. एवढाच आवाज. आग नाही, धूर नाही. जमिनीची थरथर मात्र थांबली नाही. ती जरा वाट बघितल्यासारखी झाली आणि मग लांब लांब जात राहिली.

रुमाल फरशीवर पडला होता. स्वच्छ.

अक्रमच्या उजव्या भुवईला मी बोट लावलं तर केसांची राख हाताला आली. डोळा शाबूत होता. लाल झालेला, पाणावलेला, पण शाबूत. तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याच्या हातून कोणाला तरी मारवलं.

"का ओढलंत?" तो म्हणाला. "तो उडवणारच होता."

"आणि तुझा डोळा?"

"माझा एक डोळा." मग शटरकडे बघत तो म्हणाला, "आता ती गाडी कोण थांबवणार, दुल्हाभाई?"

७

नळी मी त्याच संध्याकाळी भट्टीत टाकली. वितळेपर्यंत समोर उभा राहिलो. खलास, असं मोठ्याने म्हणालोसुद्धा. त्या लोखंडाच्या सळया झाल्या असतील, आणि तेव्हा दुबईत एवढी बांधकामं चालू होती की कुठल्या इमारतीच्या पोटात त्या आहेत हे कोणी सांगू शकणार नाही.

अक्रम दाभोळला परतला. पहिली काही वर्षं त्याचं बरं नव्हतं. घराच्या भिंती त्याने हिरव्या करून घेतल्या; पांढरी चादर अंथरू देत नसे. मग हळूहळू सुधारला. लग्न झालं, होड्यांच्या इंजिनांचं दुकान टाकलं. दोन हजार दोनच्या रमझानमध्ये त्याचा फोन आला. आवाज पूर्वीचा, हसरा.

"दुल्हाभाई, डाग गेला. आता कुठेच काही नाही. भिंतींना चुना काढतोय."

मरियमबींनी फोन हिसकावून घेतला. "डोळा राखलात, लियाकतमियाँ. अल्ला तुमचं भलं करो." बिलकीस बाजूला उभी होती. ती रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, चष्मा धुरकटला.

खिशातून रुमाल काढून मी काच पुसली आणि तंतू राहिला का बघायला काचेमागे रुमाल खिडकीच्या उजेडात धरला. जुनी सवय. एक डोळा आपोआप मिटला.

"बिलकीस, हा डाग कशाचा?"

तिने रुमाल हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "कुठे?"

मोहरीएवढा होता. आज सहा महिने झाले. बँकेत पुढे उभ्या असलेल्या अरबाच्या पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यावर असतो, मशिदीच्या भिंतीवर असतो, आता लिहितोय त्या कागदावरही आहे. मिरीएवढा झालाय. रात्री उशीला कान लावला की जमिनीतून बुलडोझरसारखा आवाज येतो.

मी व्यापारी माणूस. रडत बसणं मला जमत नाही. परवापासून शारजा, अजमान, बर दुबई, जिथे जिथे जुना माल येतो तिथे फिरून विचारतोय, तसली एखादी नळी कोणाकडे आली आहे का. गेनादीचाही पत्ता काढतोय. मिळाली की डोळा मी माझाच लावणार. 

रुमाल धरायला माणूस शोधावा लागणार नाही.